पंचावन्न सालची जमेची बाजू

वर्षअखेरीस पेढीवर शिलकी मालाची मोजदाद होते, तशी सरत्या वर्षाच्या गाण्यांचीही मोजदाद करण्याची सवय भारतीय श्रोत्यांना लावली ती रेडिओ सिलोनने. १९५२ च्या डिसेंबरात सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ दर बुधवारी रात्री आठ वाजता लघुलहरींवर लागत असे. मुळात ती दंतमंजनाच्या एका पेस्टची जाहिरात. परंतु अमीन सायानी यांच्या आवाजाने तिला उत्सवाचे रूप आणले. गाण्याचा क्रमांक ठरे तो तबकड्यांच्या विक्रीवरून आणि श्रोत्यांच्या पसंतीवरून. वर्ष संपले की सगळ्या आठवड्यांची बेरीज होऊन वार्षिक यादी जाहीर व्हायची. १९५५ च्या यादीत पहिला मान मिळाला तो ‘श्री ४२०’ मधील, पायी जपानी जोडे आणि डोक्यावर रशियन टोपी घालून निघालेल्या वाटसरूच्या गाण्याला.

या निकालाविरुद्ध कोणी अपील करील असे वाटत नाही. शंकर-जयकिशन यांची ती भर बहराची वर्षे होती. ‘श्री ४२०’ मध्येच एका छत्रीखालचे पावसातले युगुलगीत आहे, झोपडवस्तीतल्या माणसांचे सामूहिक गाणे आहे, आणि त्याच वर्षीच्या ‘सीमा’ मध्ये याच जोडीने मन्ना डे यांच्याकडून गाऊन घेतलेली प्रार्थना आजही शाळांतून ऐकू येते. ज्या वर्षी एकाच संगीतकाराच्या नावावर एवढी जमा पडते, त्या वर्षाची यादी त्याच्यापासूनच सुरू व्हायची.

पण पंचावन्न सालचा हिशेब एवढ्यावर आटोपत नाही. किंबहुना हे वर्ष निवडून पाहण्याचे कारणच असे, की त्या वर्षीच्या उत्तम नव्या संगीतावर घड्याळाची आणि दिनदर्शिकेची मुद्रा फार स्पष्ट उमटलेली दिसते. कलावंताला निवांतपणा लाभला म्हणजेच थोर काही घडते, हा समज त्या वर्षाने चांगलाच खोटा पाडला.

‘आझाद’ चे उदाहरण घ्यावे. कोइमतूरच्या पक्षिराजा स्टुडिओचे श्रीरामुलू नायडू यांना दिलीपकुमार आणि मीनाकुमारी यांच्या चित्रपटासाठी नऊ-दहा गाणी हवी होती आणि तीही महिन्याभरात. नौशाद यांनी अशा घाईला नकार दिला, असे सांगितले जाते. मग काम आले पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांकडे, म्हणजे सी. रामचंद्र यांच्याकडे. त्यांनी ते अंगावर घेतले आणि मुदतीत पुरे करून दिले. एका युगुलगीतात लताबाईंसमवेत त्यांनी स्वतःच ‘चितळकर’ या नावाने आवाज दिला. गाणी ऐकताना घाईची खूण कुठेही सापडत नाही. उलट एक प्रकारचा हलकेपणा, सहज सुचल्याचा आनंद त्यांत आहे. मुदत जवळ असली की काही माणसांचा हात थरथरतो, काहींचा मोकळा होतो. चितळकर दुसऱ्या प्रकारातले.

त्याच वर्षीचा व्ही. शांताराम यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ म्हणजे अगदी वेगळा मामला. रंगीत, भव्य, नृत्याने भारलेला. वसंत देसाई यांनी शीर्षकगीतासाठी उस्ताद अमीर खाँ यांना बोलावले. विलंबित लयीत एकेक स्वर निरखत पुढे जाणारे हे गायक. त्यांच्याकडून देसाईंनी अडाणा रागात असे तेजस्वी, धावते गीत गाऊन घेतले की ज्यांनी खाँसाहेबांची मैफल कधी ऐकली नाही, त्यांनाही त्यांचा आवाज ओळखू येऊ लागला. देसाई प्रभातच्या तालमीत घडलेले. अभिजात संगीत पडद्यावर आणताना त्याचा पदर ढळू न देण्याची काळजी त्यांनी आयुष्यभर वाहिली. मात्र एक खंत राहतेच. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. अमीर खाँ यांच्यासारख्याला साडेतीन मिनिटे म्हणजे सराफाने रत्नांची पेटी किलकिली करून लगेच मिटावी तसे.

तीन मिनिटांची ही कुंपणे त्या वर्षी दोन ठिकाणी ओलांडली गेली. पहिले ठिकाण न्यूयॉर्क. तेथील आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९५५ च्या वसंत ऋतूत भारतीय कलांचा उत्सव योजला होता आणि त्यासाठी सरोदवादक अली अकबर खाँ व तबलावादक चतुरलाल यांना पाचारण केले होते. त्या मुक्कामात खाँसाहेबांची दीर्घ तबकडी ध्वनिमुद्रित झाली. सिंधुभैरवी आणि पिलू हे दोन राग, आणि आरंभी पाश्चात्त्य श्रोत्यांना समजावून सांगणारे व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन यांचे चार शब्द. तबकडीच्या एका बाजूला एक राग सलग वाजू शकतो, हे पाश्चात्त्य बाजारात प्रथमच सिद्ध झाले. आपल्याकडे अशा तबकड्या घरोघर पोहोचायला आणखी काही वर्षे जायची होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात ‘पथेर पांचाली’ प्रदर्शित झाला. त्याचे पार्श्वसंगीत रविशंकर यांनी एका रात्रीच्या अखंड बैठकीत, सुमारे अकरा तासांत, सत्यजित राय यांना करून दिले होते. पुन्हा तेच : मुदत एका रात्रीची, काम चिरकालाचे.

दुसरे ठिकाण मात्र आपल्या अगदी जवळचे, आणि त्या वर्षीच्या कोणत्याही विक्रीच्या यादीत ते सापडणे शक्य नव्हते. ते म्हणजे पुणे आकाशवाणी.

त्यामागचे कारण समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. १९५२ मध्ये नभोवाणी खाते बा. वि. केसकर यांच्याकडे आले. केसकर स्वतः संगीताचे जाणकार आणि अभिजात संगीताचे कट्टर कैवारी. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत, आणि त्या मतानुसार आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी त्यावर आपला उपाय शोधला; रेडिओची सुई सरळ सिलोनकडे वळवली. बिनाकाचे भाग्य उजळले ते खरे तर दिल्लीच्या या धोरणामुळे. एका दुकानाने माल ठेवायचे नाकारले की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते, एवढा साधा व्यवहार खात्याच्या ध्यानात यायला पाच वर्षे लागली. परंतु या हट्टाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. चित्रपटगीते काढून टाकल्यावर जी वेळ मोकळी झाली, ती भरायला आकाशवाणीच्या केंद्रांना स्वतःची नवी गाणी निर्माण करणे भाग पडले. केंद्रोकेंद्री सुगम संगीत रचले जाऊ लागले. कवी, संगीतकार, गायक यांना नियमित काम मिळू लागले. बहुतेक गाणी आली तशी विरून गेली. एक मात्र विरले नाही.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले होते. म्हणजे पंचावन्न सालच्या चैत्रात त्याला पुरती दोन वर्षेही झालेली नव्हती. केंद्रावरचे कार्यक्रम अधिकारी सीताकांत लाड यांच्या मनात दीर्घ काळ चालेल असा काही संगीतमय कार्यक्रम करण्याचे होते. त्यांनी ग. दि. माडगूळकरांना विचारले. माडगूळकरांनी रामकथा सुचवली आणि संगीतासाठी सुधीर फडके यांचे नाव पक्के झाले. दोघेही १९१९ चे, म्हणजे पस्तिशीतले. दोघेही चित्रपटाच्या धबडग्यात तयार झालेले, आज मागितलेले गाणे उद्या देण्याची सवय अंगवळणी पडलेले. हा तपशील गौण समजू नये. ज्यांनी चित्रपटात मुदती पाळल्या होत्या, त्यांनाच वर्षभर दर शुक्रवारी एक नवे गीत देण्याचा करार झेपू शकत होता.

बेत असा ठरला, की रामनवमी ते रामनवमी, आठवड्याला एक गीत. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, सकाळी पावणेनऊला पहिले गीत; शनिवारी आणि रविवारी त्याचेच पुनःप्रसारण. मूळ कल्पना बावन्न गीतांची होती. पण शके १८७७ मध्ये अधिक भाद्रपद आला आणि वर्ष तेरा महिन्यांचे झाले. पुढची रामनवमी १९ एप्रिल १९५६ रोजी, गुरुवारी पडली. मधले अंतर ३८४ दिवसांचे. त्यात शुक्रवार येतात पंचावन्न. रामनवमीचा गुरुवार धरून छप्पन्न. गीतरामायणाची गीते छप्पन्न का, याचे उत्तर असे पंचांगात आहे. काव्यरचनेच्या थोर शास्त्रात ते शोधू जाणाऱ्यांची किंचित निराशा होईल, पण खातेवही तपासणाऱ्याला बेरीज जुळल्याचे समाधान मिळेल.

पहिल्याच गीताच्या वेळी घोटाळा झाला, असे सांगितले जाते. माडगूळकरांनी लिहून दिलेला कागद फडक्यांकडून हरवला. प्रसारणाची वेळ जवळ आलेली. कवी संतापले. शेवटी लाडांनी त्यांना एका खोलीत बसवून दार लावून घेतले आणि थोड्याच वेळात गीत पुन्हा कागदावर उतरले. या कथेत काळानुसार थोडी भर पडली असेलही. पण भूप रागातले ते आरंभगीत ऐकताना त्या गडबडीचा लवलेश जाणवत नाही. कुश आणि लव रामाच्या सभेत त्याचेच चरित्र त्याला गाऊन दाखवीत आहेत. ज्याची कथा आहे तोच श्रोता आहे. या एका कल्पनेने पुढच्या पंचावन्न गीतांना घर बांधून दिले. कोणतेही पात्र येऊन आपले मन गाऊ शकेल, अशी ती योजना होती.

आणि पात्रांप्रमाणे आवाजही वेगळे योजले गेले. माणिक वर्मा, लता मंगेशकर, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर अशी कितीतरी नावे त्यात आहेत. रामाच्या तोंडची गीते स्वतः फडके यांनी गायिली. पुढे फडक्यांनी रंगमंचावर एकट्याने सगळे गीतरामायण गायिले आणि तेच रूप लोकांच्या कानात बसले, त्यामुळे मूळ प्रसारण हे अनेकांचे सामूहिक काम होते, ही गोष्ट बरीचशी विसरली गेली आहे. आणखी एक फरक असा, की रंगमंचावर फडक्यांसमोर नेहमी पेटी असे. आकाशवाणीवर मात्र त्या काळी हार्मोनियमला बंदी होती आणि ती १९७१ पर्यंत चालली.

आता पुन्हा तीन मिनिटांच्या कुंपणाकडे वळावे. गीतरामायणाला तबकडीवर मावायचे नव्हते, कारण ते तबकडीसाठी केलेलेच नव्हते. ते विकायचे नव्हते. कवीला जेवढी कडवी हवी तेवढी त्याने लिहावी, पंधरा मिनिटांचा अवधी आहे. या मोकळिकीचे सर्वांत मोठे फळ म्हणजे रामाने भरताची समजूत घालणारे गीत. वनात भेटायला आलेला, राज्य परत घे म्हणून पाय धरून बसलेला धाकटा भाऊ, आणि त्याला उठवून जवळ घेऊन, दोष कोणाचाही नाही, हे एकेक दाखला देत सांगणारा थोरला. दाखल्यामागून दाखला येतो, कडव्यामागून कडवे येते, यमनकल्याणाची चाल फारशी बदलत नाही. हेच गीत तबकडीच्या मापाने कापले असते तर दोन-तीन कडव्यांचे एक सुभाषित उरले असते. समजूत घालायला वेळ लागतो. दुःखी माणसाला एकदा सांगून पटत नाही. गीताची लांबी हाच त्याचा आशय आहे. महाराष्ट्रात कितीतरी घरांत कोणी गेल्यानंतरच्या दिवसांत हे गीत लावले जाते, ते त्यातल्या तत्त्वज्ञानासाठी जेवढे, तेवढेच या धीम्या, न कंटाळणाऱ्या समजावणीसाठी. एकत्र व्यवसाय करणाऱ्या घरांत भावाभावांत वाटणीचा प्रसंग आला असता ज्येष्ठांनी कसे बोलावे, याचा याहून चांगला वस्तुपाठ मराठीत क्वचितच मिळेल.

उलट रामजन्माचे गीत पाहावे. तिथे पाल्हाळ नाही, चिंतन नाही. सख्या एकमेकींना बातमी सांगत आहेत, एवढेच. चाल अशी की एकीने उचलली की दहाजणींनी सहज उचलावी. फडक्यांनी सगळ्या मालिकेत हे पथ्य सांभाळले : शब्द आधी, चाल त्यामागून, आणि चाल घरी म्हणता आली पाहिजे. आठवड्यातून तीनदा ऐकून गाणे पाठ व्हायचे असेल तर दुसरा मार्गही नव्हता.

छप्पन्नच्या छप्पन्न गीते एकाच तोलाची आहेत असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. युद्धकांडातली काही गीते कथेला पुढे ढकलण्याचे काम करतात आणि ते झाले की आठवणीतून निघून जातात. दर शुक्रवारी देणे चुकते करायचे म्हटल्यावर एखाद्या आठवड्यात खजिन्यातून सोन्याऐवजी चांदीचे नाणे निघणारच. आश्चर्य आहे ते चांदीचे नाही. सोने इतक्या वेळा निघाले, याचे आहे.

श्रोत्यांनी त्या वर्षी काय केले, हे त्या काळाच्या आठवणींतून वारंवार वाचायला मिळते. रेडिओ तेव्हा घरोघर नव्हता. त्याला टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, आणि दिव्यांचा तो संच सुरू केल्यावर तापून बोलू लागायला थोडा वेळ घेई. म्हणून पावणेनऊच्या गीतासाठी आधीच कळ दाबून ठेवावी लागे. ज्याच्याकडे संच, त्याच्या ओसरीवर शेजार जमे. कोणी रेडिओला हार घातला, कोणी समोर उदबत्ती लावली. वृत्तपत्रे गीताचे शब्द छापू लागली आणि लोक ती कात्रणे जपून ठेवू लागले. ज्याने शुक्रवार, शनिवार, रविवार चुकवला, त्याचे गीत हुकले. विकत आणून ऐकण्याची सोय नव्हती. गाणे हवे असेल तर दोनच मार्ग : वेळेवर हजर राहणे, नाहीतर पाठ करणे.

म्हणूनच पंचावन्नच्या डिसेंबरात कोणी विक्रीचे आकडे समोर ठेवून वर्षातले उत्तम नवे संगीत निवडू बसला असता, तर गीतरामायण त्याच्या हाताला लागलेच नसते. शेवटचा शुक्रवार ३० डिसेंबरचा. त्या दिवशी क्रमाने चाळीसावे गीत लागायचे होते; सोळा अजून बाकी होती, बहुधा त्यातली बरीचशी लिहायचीही होती. विक्री शून्य, तिकीट शून्य, तबकडी नाही, पुस्तक नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला लिहिण्यासारखे काहीच नाही. पेढीची पत ताळेबंदात दिसत नाही, तसाच हा प्रकार. ‘श्री ४२०’ चा पहिला क्रमांक खरा होता. यादी खोटी नव्हती. फक्त जे मोजता येत होते तेवढेच तिने मोजले होते.

मोजता येण्याजोगे पुढे पुष्कळ झाले. १९५७ च्या विजयादशमीला, ३ ऑक्टोबर रोजी, केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने गीतरामायण पुस्तकरूपाने काढले. योगायोग असा, की त्याच तारखेला आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू करून चित्रपटगीतांना पुन्हा दार उघडले. सिलोनकडे गेलेले गिऱ्हाईक परत आणायचा तो प्रयत्न होता. नंतर फडक्यांच्या आवाजातल्या दीर्घ तबकड्या निघाल्या, मग कॅसेट, मग सी. डी. हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, संस्कृत अशा कितीतरी भाषांत अनुवाद झाले आणि अनुवादकांनी बहुधा फडक्यांच्या चालीत बसतील असेच शब्द योजले. आज मोबाइलवर छप्पन्न गीते सलग ऐकता येतात. ज्यांना ऐकायचे त्यांनी जरूर ऐकावीत. पण एकदा तरी आठवड्याला एकच, असा क्रम धरून पाहावा. भरताची समजूत ऐकल्यावर लगेच पुढचे गीत सुरू होणे आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत तेच मनात घोळत राहणे, यात फार अंतर आहे.

शेवटचे गीत वाल्मीकींचे. ते आपल्या दोन शिष्यांना रामासमोर कसे गावे, हे समजावून सांगत आहेत. म्हणजे कथेच्या क्रमाने ते पहिल्या गीताच्याही आधीचे. छप्पन्नावे संपते तिथून पहिले सुरू होते. ते लागले १९ एप्रिल १९५६ रोजी, गुरुवारी. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, पण पावणेनऊला पुढचे गीत नव्हते.